कातरीन सुईणीचं अर्धं खरं

फार वर्षांपूर्वी, केळबावच्या देवळावर, म्हणजे चर्चवर, कौलांच्या जागी झावळ्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. गाव वसईच्या किनाऱ्याला. आधी वाळू, मग केळीच्या वाड्या, वाड्यांना पाणी पुरवणारी बावखलं म्हणजे तळी, आणि तळ्यांच्या काठाकाठाने घरं. माणसं ख्रिस्ती, कष्टाळू, देवभोळी, आणि दुसऱ्याचं पाप शोधण्यात भारी हुशार. हे शेवटचं केळबावात जाऊन सांगू नका, ते मान्य करायचे नाहीत.

त्या गावात कातरीन नावाची सुईण होती. तिच्या हाताला असा गुण होता की आडवं आलेलं मूल तिचा हात लागताच सरळ व्हायचं, असं म्हणतात. पण तिचं नाव झालं होतं ते हातामुळे नव्हे, जिभेमुळे. कातरीन खोटं बोलत नसे. सख्ख्या भावाने कुंपण शेजाऱ्याच्या वाडीत दोन हात सरकवलं, तेव्हा पंचांपुढे उभी राहून तिने भावाविरुद्ध सांगितलं. भावाने पुढे मरेपर्यंत तिच्या घरचं पाणी घेतलं नाही. तेव्हापासून गावात कशावरून वाद पेटला की कोणीतरी विचारायचं, कातरीन काय म्हणाली? ती म्हणाली की वाद मिटला.

आणि सुईणीच्या शब्दाला त्या काळी फार मोठं मोल होतं. ते कसं, ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. मूल जन्मतःच अशक्त असेल आणि पाद्री येईपर्यंत तगेल असं वाटत नसेल, तर घरात हजर असलेल्या कोणीही त्याला बाप्तिस्मा द्यावा असा नियम होता. लागतं काय, तर ओंजळभर पाणी आणि चार शब्द. हे काम बहुधा सुईणच करायची. पाणी मिळालेलं मूल मेलं तर ते देवाघरी जायचं आणि देवळाच्या आवारात पुरलं जायचं. पाण्याआधीच गेलं तर त्याला आवाराच्या भिंतीबाहेर, निवडुंग माजलेल्या खाऱ्या जमिनीच्या तुकड्यात पुरायचं. तिथल्या मुलांना देवाचं तोंड कधीच दिसत नाही असं लोक मानत. आज असं कोणी करत नाही, पाद्रीही तसं शिकवत नाहीत. पण तेव्हा करत होते, आणि आया त्या भिंतीकडे बघत आयुष्य काढत होत्या.

म्हणजे मूल भिंतीच्या आत की बाहेर, हे सुईणीच्या एका शब्दावर ठरायचं.

कातरीनची एक रीत होती. मेणबत्त्यांच्या सणाला देवळात आशीर्वाद दिलेली मेणबत्ती ती पदरात बांधून न्यायची, आणि बाप्तिस्मा द्यायची वेळ आली तर आधी ती लावून बाळंतिणीच्या हातात द्यायची, मगच पाण्याला हात घालायची. नियमात हे कुठेच नव्हतं. तिच्या आईने शिकवलेलं होतं, आणि ते केल्यावर कातरीनला आपण नुसती सुईण नाही, अर्धा पाद्री आहोत असं वाटायचं. वाटलं तर वाटलं. माणसाला काहीतरी वाटायला लागतंच.

तर एका दुपारी कैतानची बायको आंजेलीन अडली. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि हे पहिलंच. नवरा होडीवर गेलेला. मूल आलं ते निळंसर, रडलंसुद्धा नाही, नुसता श्वास हलत होता. सासू पाद्रीला बोलवायला देवळाकडे धावली. खोलीत राहिल्या दोघी, आणि ते मूल.

पाण्याचा तांब्या कातरीनच्या डाव्या हाताशी होता. तिने आधी पदराची गाठ सोडली. मेणबत्ती घामाने ओलसर झालेली. चुलीतला निखारा आणला, वात धरेना. फुंकलं, धरली, खिडकीतून वारा आला, विझली. खिडकी लावली, पुन्हा निखारा फुंकला. आंजेलीन पलंगावरून क्षीण आवाजात दोनदा म्हणाली, "बाय, पाणी." कातरीन म्हणाली, "हो, हो, देते." वात तिसऱ्यांदा पेटली. ती मेणबत्ती घेऊन वळली तेव्हा मुलाचा श्वास थांबला होता.

पाद्री आला. त्याच्या मागे सासू, सासूच्या मागे अर्धी आळी. पाद्रीने विचारलं, जिवंतपणी पाणी मिळालं का? सगळ्यांनी कातरीनकडे पाहिलं. आंजेलीन पलंगावरून सरकत खाली आली, त्या अवस्थेत, आणि तिने कातरीनचे पाय धरले. ती म्हणाली, "बाय, हो म्हण. एकदाच."

कातरीन म्हणाली, "नाही. पाणी पोचायच्या आधी गेलं."

खरंच बोलली की नाही? अक्षर न् अक्षर खरं. संध्याकाळच्या आत मूल भिंतीबाहेर गेलं. आणि रविवारी पाद्रीने वेदीपुढे उभं राहून सांगितलं की आपल्या गावात एक बाई अशी आहे जिला आईचे अश्रूदेखील खोटं बोलायला लावू शकले नाहीत. बायांनी डोळे पुसले. पाणी का पोचलं नाही, हे कोणीच विचारलं नाही. तांब्या किती लांब होता, हेही नाही.

आंजेलीन त्या दिवसापासून देवळात शिरली नाही. दर रविवारी ती यायची, भिंतीबाहेर त्या तुकड्यात उभी राहायची आणि मिस्सा, म्हणजे आतली रविवारची उपासना, संपली की घरी जायची. लोक म्हणायचे, देवावर रुसली. तिला आणि कैतानला पुढे मूल झालं नाही.

आणि इकडे एक नवलच सुरू झालं. कातरीनच्या हातात मेणबत्ती टिकेना. लावली की विझे. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, जागरणाला देवळातली शंभर माणसं आपापली ज्योत धरून उभी असायची आणि मध्ये एकटी कातरीन विझलेली वात घेऊन. वारा नाही, काही नाही. शेजारणीने आपल्या ज्योतीवरून चार वेळा लावून दिली, चारही वेळा गेली, असं म्हणतात. कोणा दुसऱ्याच्या हातात असं घडतं तर गावाने त्याला वाळीत टाकलं असतं. पण ही कातरीन. मग लोकांनी त्याचा अर्थ लावला की ज्योतसुद्धा हिच्यापुढे मान खाली घालते. नाव एकदा मोठं झालं की माणसाचं काहीही खपतं.

कातरीनला मात्र झोप लागेना. दर शनिवारी पाद्रीपुढे पापं सांगायची रीत होती, त्याला तिकडे कुमसार म्हणत. कातरीन नेमाने कुमसाराला जायची आणि बारीकसारीक काय असेल ते सांगायची. त्या दुपारचं ते एक सांगायला तोंड उघडायची आणि तिला त्या पापाचं नाव सापडायचं नाही. दहा आज्ञा ती ओळीने मनात चाचपायची. खून केला? नाही, मूल तसंही वाचणार नव्हतं. खोटी साक्ष दिली? उलट खरी दिली. चोरी नाही, लोभ नाही. दहाच्या दहा आज्ञा धुतलेल्या पाटासारख्या स्वच्छ, आणि तरी छातीत काहीतरी कुजत होतं. अशी अकरा वर्षं गेली.

बाराव्या वर्षी नवा पाद्री आला. म्हातारा, थोडा बहिरा, प्रवचन द्यायला अगदी वाईट. कातरीनने त्याला कुमसारात सगळं सांगितलं, मेणबत्तीसकट. म्हाताऱ्याने दोनदा मोठ्याने बोलायला लावलं. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "त्या दिवशी खरं कोणासाठी बोललीस?"

कातरीनने विचार केला. देवासाठी, असं तोंडावर आलं होतं, पण ते बाहेर पडेना. ती म्हणाली, "माझ्या नावासाठी. अन् जे सांगितलं नाही, ते पण माझ्या नावासाठीच."

म्हातारा म्हणाला की देवाकडची क्षमा मी देतो, ती माझ्या हातात आहे. पण उरलेलं अर्धं खरं जिचं आहे तिला नेऊन दे. आता कुमसारातलं बोलणं बाहेर कसं आलं, असं विचारू नका. पाद्री बोलला नाही. हे कातरीननेच पुढे आंजेलीनला सांगितलं, आणि गावाला सांगितलं ते आंजेलीनने.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कातरीन कैतानच्या वाडीत गेली. आंजेलीन केळींना पाणी सोडत होती. कातरीनने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, तांब्या कुठे होता तेही सांगितलं. आंजेलीनने हातातली कुदळ खाली ठेवली नाही.

"मना ठावं होतं," ती म्हणाली. "मी पलंगावरून बघत होते."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"माझं कोण ऐकणार, बाय? गावात खरं बोलणारी तू होतीस."

कातरीन खाली बसली. ती म्हणाली, रविवारी देवळात सगळ्यांपुढे सांगते. आंजेलीनने पाण्याचा बांध फोडून दुसऱ्या ओळीला वाट करून दिली. "सांग," ती म्हणाली. "तुझी आणखी वाहवा होईल. अकरा वर्सं वाट बघितली मी. आता मना काय करायचं हाय ते?" आणि ती कामाला लागली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. कातरीनने मागितली, दोनदा मागितली, तरी म्हणाली नाही.

रविवारी कातरीन उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. झालं ते अगदी आंजेलीन म्हणाली तसंच. लोक हेलावले. केवढी ही नम्रता, म्हणाले. संत माणसं अशीच असतात, कुठली तरी जुनी गोष्ट धरून स्वतःला दोष देत बसतात. एका म्हातारीने तर तिच्या हाताचं चुंबन घेतलं. कातरीनने हात ओढून घेतला, तर तेही लोकांना आवडलं. जन्मभर तिचा शब्द न् शब्द झेलणाऱ्या गावाने तिचं ऐकलं नाही ते नेमकं त्या दिवशी.

त्यानंतर तिने सुईणपण सोडलं. रोज सकाळी बावखलाचं पाणी घागरीने भिंतीबाहेर न्यायची आणि त्या तुकड्यातल्या एकेका लहान उंचवट्यावर ओतायची. त्याने काही होत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं. मेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही. तरी वीस वर्षं नेलं. खाऱ्या जमिनीत भर मे महिन्यात हिरवं गवत उगवलं, असं म्हणतात. गावाने ते गवत पवित्र म्हणून आजारी गाईंना घालायला सुरुवात केली. काय बोलायचं अशा लोकांना?

कातरीन मेली ती उन्हाळ्यात, बावखलांचा तळ दिसत होता तेव्हा. मरताना तिने सांगितलं, मला भिंतीबाहेर पुरा. गावाने तेही नम्रतेच्या खाती टाकलं आणि आवारात, क्रुसाच्या पायाशी, सगळ्यात मानाच्या जागी कबर खणायला घेतली. कमरेइतकं खणलं आणि खालून पाणी आलं. खारं, समुद्राचं. दुसरीकडे खणलं, तिथेही पाणी. तिसरीकडे खणलं, तर पाणी काठापर्यंत चढलं. कोरड्या ठणठणीत उन्हाळ्यात, जिथे विहिरीला पाणी नव्हतं तिथे. तिरडी उन्हात तशीच. आणि गावाचं त्यावरही सुरू झालं, ही देवाची खूण, समुद्रच तिला भेटायला आला.

तेव्हा आंजेलीन एकतीस वर्षांनी भिंतीच्या आत आली. केस पांढरे झालेले, कंबर वाकलेली. लोकांनी वाट दिली. ती तिरडीपाशी उभी राहिली आणि तिने त्या दुपारचं सगळं सांगितलं, पलंगावरून जे पाहिलं ते, वाडीत जे ऐकलं ते. मग म्हणाली, "ती खोटं बोलत नव्हती रे. एकदा तरी तिचं ऐका."

चार माणसांनी तिरडी उचलली आणि भिंतीबाहेर नेली. आंजेलीनने जागा दाखवली, आपल्या मुलाच्या शेजारची. तिथली माती कोरडी निघाली.

तिने माफ केलं की नाही, यावर केळबावात अजून दोन तट आहेत. एक म्हणतात, केलं, नाहीतर मुलाशेजारी जागा दिली असती का? दुसरे म्हणतात, तिने फक्त तिला जिथली तिथे पोचवलं. आंजेलीनला पुष्कळांनी विचारलं. ती उत्तर न देता मेली.

ती भिंत पुढे पाडली. आता सगळं एकच आवार आहे. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, गाव कबरींवर फुलं वाहतं, आणि त्या दिवशी एक रीत अजून पाळतात. संध्याकाळी एकेक माणूस कातरीनच्या कबरीपाशी जातो आणि आपण वर्षभरात, किंवा जन्मात, कोणाला अर्धंच सांगितलं असेल तर उरलेलं अर्धं हलक्या आवाजात तिथे बोलतो. भाऊ बोलतात, सुना बोलतात, मोठमोठी माणसं बोलतात. काही जण रडतातही. मग डोळे पुसून मन हलकं करून घरी जातात. ज्याला ते सांगायला हवं तो बहुतेक वेळा त्याच आवारात, दहा पावलांवर, आपल्या माणसाच्या कबरीशी उभा असतो. त्याच्यापर्यंत आजवर कोणी गेल्याचं ऐकिवात नाही.