खोतांनी न घेतलेल्या गाठी

विसाजीराव खोतांना एकदा स्वप्न पडलं, की आपण खाडीकाठी लाकडी बंगलीत झोपलोय आणि भरतीचं पाणी अंगाई म्हणतंय. जागे झाले ते थेट वेणाक्काच्या लाकडाच्या वखारीत गेले.

तिनं देवदाराच्या फळ्या दाखवल्या. नुसत्या करवतीतून काढलेल्या, रंधा न मारलेल्या, म्हणून खरखरीत पण स्वस्त. वास असा, की उभ्या माणसाला पेंग यावी.

खोतांनी मात्र फळीवरच्या गाठींवर काठी आपटली. "हा लाकडाचा रोग. गाठींची जागा मापातून वजा कर."

"खोत, गाठ म्हणजे फांदीची खूण. फांदीवाचून झाड वाढतं का?"

"ते झाडाला विचार! गाठ मी विकत घेत नाही, चार माणसांत सांगतो."

"बरं," वेणाक्का म्हणाली.

बंगली झाली. त्याच फळ्यांच्या छपराखाली खोत दुपारचे आडवे झाले. राळेच्या वासानं डोळे मिटतात तोच वर टकटक झाली आणि छातीवर टपकन एक गाठ पडली. छपराला आरपार भोक, आणि भोकात वेणाक्काचा डोळा!

"अगं, काय करतेस?"

"माझ्या गाठी न्यायला आलेय. तुम्ही त्या घेतल्या नाहीत. फळ्या तुमच्या, त्यांना धक्का लावत नाही."

"आणि या भोकांतून काय काय आत येईल, कळतंय का?"

"रात्री चांदणं येईल, पावसाळ्यात पाऊस. त्यांचे पैसे मी लावत नाही, खोत."

खोतांनी पडल्या पडल्याच कमरेचा पैशांचा कसा सोडला. छातीवरची गाठ मात्र दुसऱ्या मुठीत घट्ट धरून ठेवली.