उघाडीची किल्ली

एकदा एका खाडीकाठच्या मिठागराला शेठने ऐन हंगामात कुलूप ठोकले. मिठाचा भाव उतरला होता. तो चढेपर्यंत आगर बंद, मजुरांनी आपापले बघावे, इतका सरळ त्याचा हिशेब. आता आगराचा प्राण म्हणजे उघाडी. बांधात बसवलेल्या या लाकडी दारातून भरतीचे पाणी आत घेतात, वाफ्यांत पसरवतात, आणि मग ऊन व माणसे मिळून त्याचे मीठ करतात. दार उघडलेच नाही तर मीठ नाही, आणि उधाणाला ते उघडे राहिले तर सगळे आगर पाण्याखाली. म्हणजे ज्याच्या हाती उघाडीची किल्ली, त्याच्या हाती चारशे माणसांचे पोट.

शेठला वाटले होते, आठवडाभरात उपाशी माणसे पाया पडत येतील. ती आली नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी उघाडीवरचे शेठचे कुलूप तोडले, आपले लावले आणि कामाला लागली. मुकादम पळाला होता, आणि खरे सांगायचे तर त्याची आठवणही कुणाला झाली नाही. आगराचे नऊ पट्टे होते, आणि प्रत्येकावर राबणारी माणसे ठरलेली. प्रत्येक पट्ट्याने आपल्यातला एक माणूस निवडला, आणि दार कधी उघडायचे, बांध कोणी लिंपायचा, मीठ कुठल्या होडीत भरायचे हे ते नऊजण ठरवू लागले. पण त्यांनी ठरवायचे ते पट्ट्याला विचारून. शेठकडे बोलणी करायला जाणाऱ्यासाठी तर रीत आणखी कडक होती. तिथे बसायचे नाही, आणि शेठने काहीही विचारले तरी उत्तर एकच द्यायचे, "विचारून सांगतो." कोणी मनचे बोलून आला, तर पट्टा त्याला त्याच दिवशी खाली बसवी आणि दुसऱ्याला धाडी.

या नऊजणांत एक वृद्ध होता. चाळीस वर्षांपूर्वी तो घाटावरून आला आणि इथेच राहिला. भांडण असो, आजारपण असो, लोक त्याच्या झोपडीशी येत. त्याच्यापाशी शहरातून आलेला एक शिष्य राहत असे. श्रमिकांच्या मुक्तीवर त्याने जाडजूड ग्रंथ वाचले होते आणि कधी नव्हे ते वाचलेले डोळ्यांपुढे घडत होते, म्हणून तो हरखून गेला होता. मात्र एक गोष्ट त्याला सलत असे.

"बाबा, एवढी माणसं तुमचा शब्द झेलायला तयार आहेत, आणि तुम्ही दरवेळी विचारायला पळता," तो म्हणे. "नेत्याशिवाय लढा म्हणजे नावाड्याशिवाय होडी."

"वल्ही मारणाऱ्यांना किनारा दिसतो रे," एवढेच म्हणून वृद्ध मिठाची फावडी उचलून वाफ्यात उतरे.

एके दिवशी शेठने वृद्धाला बोलावणे धाडले, आणि पट्ट्याने त्याला बोलणी करायला पाठवले. शिष्यही सोबत गेला. शेठ कोल्हा होता, पण त्या दिवशी गाय होऊन बसला होता. तो म्हणाला, "बाबा, झालं गेलं गंगेला मिळालं. आगरावरच्या बाया कोसभर लांबून गोडं पाणी आणतात, ते मला बघवत नाही. नऊच्या नऊ पट्ट्यांवर नळ देतो. उद्यापासून मजुरीही वाढवतो. फक्त उघाडीची किल्ली तेवढी माझ्याकडे द्या. बोला, हो की नाही?"

वृद्धाने मान वळवली. खिडकीतून दूर बांधावरून चाललेली बायांची रांग दिसत होती, प्रत्येकीच्या डोक्यावर दोन हंडे. चाळीस वर्षे त्याने ती रांग पाहिली होती. मग तो शेठने पुढे केलेल्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "हो."

शिष्याचे डोळे भरून आले. परतताना तो वाटभर बोलत होता. वृद्ध मात्र मान खाली घालून चालला होता.

दिवस कलायच्या आत वृद्धाचा पट्टा बांधावर जमला. वृद्धाने घडले ते जसेच्या तसे सांगितले. कोणी टाळी वाजवली नाही. मग बारकीबाय पुढे आली. पट्ट्यातली सगळ्यांत म्हातारी पाणी वाहणारी तीच. तिने डोक्यावरचा हंडा सावकाश खाली ठेवला.

"बाबा, गोडं पानी नको कोन बोलंल? माजी मान इचारा," ती म्हणाली. "पन हो बोलायचं आमचं व्हतं. तुमाला आमी 'इचारून सांगतो' बोलाला धाडलेला. किल्ली शेठच्या हातात गेली का परवा तो नल पन बंद करंल. मंग कुनाकडं जायाचं? तुमी खाली बसा आता."

"अगं, हे बाबा आहेत!" शिष्य ओरडला.

"म्हाईत हाय. माज्या पोराला यांनीच वाचवला," बारकीबाय म्हणाली. तिचे डोळे ओले होते. "तरी पन."

हात वर झाले. एक, दोन, दहा, मग सगळेच. वृद्धाच्या जागी केरू नावाचा एक माणूस निवडला गेला. तो इतका अबोल होता की शिष्याने त्याचा आवाजही कधी ऐकला नव्हता. वृद्ध उठला, पट्ट्याला हात जोडले आणि सगळ्यांत मागे जाऊन बसला. अपमानाने शिष्याचे कान तापले. उद्या शेठ किल्ली मागायला येणार, आणि त्याच्यासमोर उभा राहणारा एकमेव माणूस यांनी आपल्या हातांनी खाली बसवला. आता आगर संपले, असे त्याला मनापासून वाटले.

सकाळी भरतीच्या वेळेला शेठ आला, दहा धटिंगण घेऊन. "बाबा, शब्द दिलाय!" तो बांधावरूनच गरजला.

वृद्ध वाफ्यात गुडघाभर पाण्यात उभा होता. "शेठ, तो माझा नव्हता. जो माझा नव्हता तो मी दिला. माझी चूक झाली."

"मग इथला मुख्य कोण? त्याला पुढे करा!"

केरू पुढे आला. "इचारून सांगतो," तो म्हणाला आणि वळला. विचारायला त्याला लांब जावे लागले नाही. नऊही पट्ट्यांत रात्रीच बोलणे झाले होते, आणि चारशे माणसे बांधावर येऊन उभी होती. केरूने त्यांच्याकडे पाहिले, मग पुन्हा शेठकडे. "नल द्या, मजुरी द्या. किल्ली नाय."

शेठ एकेका चेहऱ्याकडे पाहू लागला. नेहमीच्या सवयीने तो शोधत होता, यांतला कोणता माणूस फोडायचा. धटिंगणही कोणाला धरायचे ते न कळून एकमेकांकडे बघू लागले. एवढ्यात भरती दाराशी आली. कोणी हाक दिली नाही. दोघी बायांनी उघाडी वर ओढली, आणि पाणी चकाकत आत आले. पहिल्या पट्ट्याने आपल्या वाफ्याचे मातीचे तोंड उघडले, तो भरताच बंद केले, पुढच्याने उघडले. नऊ पट्टे, शेकडो वाफे, आणि मधे शेठ उभा आहे हेही जणू पाण्याला ठाऊक नव्हते. कोणी हुकूम सोडत नव्हते, आणि थेंब वाया जात नव्हता. शिष्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. देवळाच्या गाभाऱ्यातही त्याला असे कधी झाले नव्हते. जाडजूड ग्रंथांत ज्याचे वर्णन त्याने शंभरदा वाचले होते, ते त्याच्या पायांशी पाण्यासारखे वाहत होते, आणि त्याला ते आजवर दिसलेच नव्हते.

शेठ केव्हा निघून गेला, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

दुपारी शिष्य वृद्धाजवळ बसला. "आता कळलं बाबा," तो हळूच म्हणाला. "तुम्ही मुद्दाम हो म्हणालात. लोकांची परीक्षा घेतलीत."

वृद्ध हसला. "नाही रे. मी खरंच भुललो. शेठ मला काही द्यायला लागला असता, तर मी सावध झालो असतो. त्यानं बायांच्या हंड्यांचं नाव घेतलं, आणि मला वाटलं, एवढं तर मी यांच्या वतीनं ठरवू शकतो. मालकही असाच घडतो. पहिल्यांदा तो भल्याच्याच पोटी जन्मतो. हे आगर माझ्या शहाणपणावर चाललं असतं, तर काल माझ्या चुकीनं बुडालं असतं. मी भुललो, ते भुलले नाहीत. आजपर्यंत मी यांना काही शिकवलं असेल असं मला वाटत होतं. काल मी सगळ्यांत मागे बसलो, आणि तिथून मला पहिल्यांदाच सगळे दिसले."

शिष्याने विचारले, "बाबा, आता मी काय करू?"

"मला कशाला विचारतोस?" वृद्ध म्हणाला. "पट्ट्याला विचार."

शिष्य उठला आणि विचारायला गेला.