माळखोलच्या सड्यावरचे दगड

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. कोकणात, समुद्राच्या वरच्या अंगाला, कातळाच्या उघड्या सड्यावर माळखोल नावाचं गाव होतं. गावात बैलगाडी यायची, तीही कुरकुरत. आणि अशा गावातला दिगू घाडी विमान चालवायला शिकला! कसा शिकला, ते गावाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. शाळामास्तरांनी त्याला मुंबईला धाडलं, तिथून तो लढाईच्या विमानात गेला, एवढंच ठाऊक. तो जन्मला तेव्हा घारीने घरावर तीन घिरट्या घातल्या, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय, घारी रोजच घिरट्या घालतात.

घरी एकटी आई, भागीरथी. दिगूचं पत्र आलं की मास्तर वाचून दाखवायचे आणि निम्मं गाव तिच्या ओटीवर जमायचं. एका पत्रात दिगूने गमतीने लिहिलं, “आये, आपलो सडो विमान उतरूक बरो आसा. फक्त धोंडे वेचूक व्हये.”

झालं! भागीरथीला यात गंमत कुठली दिसायला? मुंबईचा चाकरमानी बोटीने बंदरात उतरतो, तसा आपला झील, आपला मुलगा, विमानाने सड्यावर उतरणार. मग जागा साफ नको? दुसऱ्याच दिवशी तिने पाटी उचलली आणि दगड वेचायला लागली.

गाव हसलं. गावचा मुखिया, गावकर, म्हणाला, “हय बैलगाडी येवची मारामार, आणि हिका विमान व्हया!” भागीरथीने मान वर केली नाही. पण हसणाऱ्यांनाही दिगू घरी यायला हवाच होता. आधी शेजारीण आली, मग तिची सून, आणि शेवटी गावकर स्वतः पहार घेऊन आला. वेचलेले दगड रचून सड्याच्या कडेने लांबच लांब गडगा उभा राहिला.

तिकडे दूर पूर्वेच्या जंगलात लढाई पेटली होती. वेढ्यात अडकलेल्या शिपायांना दिगू वरून धान्याच्या गोण्या टाकायचा. त्याचं विमान झाडांच्या शेंड्यांना गुदगुल्या करत जायचं, असं म्हणतात. एक दिवस विमानाला गोळी लागली. परत फिरायचा हुकूम होता आणि फिरायला वेळही होता. पण दोन गोण्या उरल्या होत्या आणि खाली माणसं तीन दिवसांची उपाशी होती. दिगू पुन्हा खाली गेला. गोण्या पोचल्या, दिगू परतला नाही. त्याला तेविसावं लागलं होतं.

तार आली, ती मास्तरांना वाचवेना. भागीरथी उंबऱ्यावर बसून रडली, अख्खं गाव रडलं. तेरावं झालं आणि ती उठून पाटी घेऊन सड्याकडे चालू लागली. गावकर आडवा आला. “आता कोणासाठी गे, भागी?”

“माझ्या झिलाक जमीन गावली नाय,” ती म्हणाली. “दुसऱ्या कोणाच्या तरी झिलाक गावांदे.”

 गावकराने पाटीची दुसरी बाजू धरली.

पुढच्या श्रावणात भर दुपारी सड्यावर ढग उतरले, हाताला हात दिसेना. ढगांत एक वाट चुकलेलं विमान घरघरत होतं. त्याचं तेल संपत आलं होतं. मग नेमका साफ केलेल्या पट्ट्यावरच ढग फाटला, असं म्हणतात. विमान आदळलं, उसळलं, आणि गडग्यापासून हातभर अंतरावर थांबलं. आतून पाच जण धडधाकट बाहेर आले. चालवणारा पोरगा मास्तरांना इंग्रजीत सांगत होता, पुढे एक विमान पंख हलवून वाट दाखवत होतं, त्याच्या मागे मी आलो. गावाने मात्र एकच विमान पाहिलं.

भागीरथी धावत गेली. तिने त्या परक्या पोराचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “जेवलंस काय रे, झिला?” त्याला तिची भाषा येत नव्हती, तरी तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. त्या दिवशी पाचही जण तिच्या ओटीवर पेज जेवले, आणि वाढता वाढता भागीरथी कितीतरी महिन्यांनी हसली.

आता भागीरथी नाही, मास्तर नाहीत. पण त्या पट्ट्यावर माळखोलात कोणी घर बांधत नाही, की आंब्याचं कलम लावत नाही. पाऊस सरून गवत कापलं की घरटी एक माणूस दगड वेचायला जातो, आणि त्या वर्षी गावात आलेल्या नव्या सुनेला पहिल्या दगडाचा मान असतो. दगड गडग्यावर ठेवायचा, दिगूचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, “कोणाचो तरी झील येतलो.”