काळ्या दाण्याचं कणीस

दुल्सिनला कशाकशाची भीती वाटायची ते सगळं सांगत बसलं तर गोष्ट सुरूच व्हायची नाही, म्हणून थोडंच सांगते. ढग गडगडले की तिला भीती वाटायची. केळीची वाळकी पानं सळसळली की वाटायची. सरडा नुसता मान हलवू लागला तरी वाटायची. घरात तिला दुलू म्हणत आणि शाळेत भित्री भागूबाई. पण सगळ्यांत मोठी भीती होती ती बावखलाची. बावखल म्हणजे वाडीतलं तळं, झाडांना पाणी घालायला खणलेलं. दुलूच्या घरामागचं बावखल हिरवंगार होतं, गप्प होतं, आणि खोल किती ते कुणालाच माहीत नव्हतं.

आणि नेमकं तिथेच तिला रोज एकटीला जावं लागे. ती पाळण्यात होती तेव्हाच तिचे बाबा देवाघरी गेले. मागे उरली ती आई मारथा, मोगरीची आणि केळींची इवलीशी वाडी, आणि बावखलाच्या काठाला लागून घोंगडीएवढं भाताचं शेत. सप्टेंबरात मरियामातेचा सण आला आणि आईला ताप भरला. सण झाला, ताप काही गेला नाही. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. जाताना म्हणाले, "आता वाट पाहायची, बाळ." मोठ्या माणसांना वाट पाहायला सांगणं किती सोपं असतं. दुलू आईच्या उशाशी बसे आणि आईचा श्वास ऐके, आणि दोन श्वासांच्या मध्ये जरा जास्त वेळ गेला की तिचे हातपाय गार पडत.

रोज सकाळी ती पाण्याला जाई तेव्हा पहिली कळशी घरी आणत नसे. ती शेजारच्या नतालबायच्या दारात ठेवी. नतालबाय म्हातारी होती, आंधळी होती, आणि तिची जीभ मिरचीसारखी होती.

"आज उशीर केलास," ती म्हणे. "घाबरत घाबरत आली असशील."

"हो, बाय."

"घाबर, पण पाणी सांडू नकोस."

एका सकाळी दुलू बावखलाच्या पायरीवर वाकली आणि तिला पाण्यात काहीतरी फडफडताना दिसलं. एक चतुर होता, निळ्या पंखांचा, पाण्याला चिकटून बसलेला. पायरीपासून हातभर लांब. हात पोचवायचा तर एक पायरी खाली उतरायला हवं होतं, आणि खालची पायरी पाण्यात होती, शेवाळलेली. दुलूने डोळे मिटून घेतले. मग उघडले, कारण मिटलेल्या डोळ्यांनी चतुर कसा सापडणार? थरथरत ती खाली उतरली. गार पाणी घोट्यांना लागलं. अळूचं पान पुढे करून तिने चतुराला अलगद उचललं.

पानावर चतुर नव्हताच. तिथे बसली होती एक परी, अंगठ्याएवढी. तिचा झगा जास्वंदीच्या पाकळीचा होता, केसांत पाण्याचे मोती होते, आणि पंखांवर सात इवले इवले दिवे लुकलुकत होते, एक निळा, एक सोनेरी, एक मोरपंखी, एक डाळिंबी, आणि बाकीच्यांचे रंग दुलूला सांगताच आले नसते. ती किंचाळणारच होती.

"घाबरू नकोस, असं मी म्हणणार नाही," परी हळूच म्हणाली. "तू घाबरतेस, आणि तरी उतरतेस. मला ते आवडलं. तुझी इच्छा काय आहे?"

"आई बरी व्हायला हवी," दुलू म्हणाली. दुसरं काही तिच्या मनात नव्हतंच.

परीने शेताच्या कोपऱ्याकडे बोट केलं. सगळं शेत अजून नुसतं हिरवं होतं. यंदा लावणीलाच उशीर झाला होता. पण त्या कोपऱ्यात, पाण्याच्या अगदी कडेला, एका रोपातून एक कोवळं कणीस वर आलं होतं.

"इच्छा पुरी करणारी मी नाही," परी म्हणाली. "करणारा देव. मी फक्त राखण करते. ते कणीस पिकून आपणहून मान खाली घालेल, तेव्हाच त्याला हात लावायचा. मग ते ज्याच्या घरी जाईल त्याने आपल्या उंबऱ्यावर उभं राहून एक इच्छा मागायची. एकच. मागितल्याबरोबर दाणे पोकळ होतील. आणि पिकायच्या आधी दाण्याला नख लावू नकोस, दुलू. तेवढं सांभाळ."

"किती दिवस?"

"त्याला लागतील तेवढे," परी म्हणाली आणि अळूच्या पानाखाली दिसेनाशी झाली.

दुलू रोज जाऊन पाही. कणीस ताठ उभं. आई दिवसेंदिवस हलकी होत चालली, इतकी की दुलूला ती एकटीने कुशीवर वळवता येऊ लागली. त्याचंच तिला सगळ्यांत जास्त भय वाटलं. एका दुपारी आईने तिला ओळखलंच नाही. "कोणाची गं तू?" असं विचारलं. दुलू धावत सुटली ती थेट शेताच्या कोपऱ्यात. फक्त एक दाणा बघू, एकच, आत तांदूळ झालाय का एवढंच, असं स्वतःला सांगत तिने नख लावलं.

दाण्यातून दूध आलं. पांढरं, पातळ, एक थेंब. दाणे अजून दुधावरच होते, हे तिला कळायला हवं होतं, शेतकऱ्याची पोर ती. बघता बघता तो दाणा काळा पडला.

मागे पाण्यावर परी उभी होती. तिच्या पंखांवरचा डाळिंबी दिवा विझला होता.

"तू रागावलीस?" दुलूने विचारलं.

"नाही. पण माझा एक दिवा गेला."

"आणि इच्छा?"

"बाकीचे दाणे शाबूत आहेत. त्यांना राहू दे." परीचा आवाज थकलेला होता. दुलू रडत घरी गेली, आणि त्यानंतर तिने दोन्ही हात पाठीमागे धरूनच कणसाकडे पाहायचं ठरवलं.

गावात आता आगेराची तयारी सुरू झाली होती. आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी प्रत्येक घरातून आपल्या शेतातलं पहिलं पिकलेलं कणीस देवळात, म्हणजे चर्चमध्ये, न्यायचं. फादर त्यांना आशीर्वाद देतात, सगळी कणसं एका टोपलीत मिसळतात आणि घरटी एकेक परत वाटतात. तोवर नव्या भाताचा दाणा कुणी तोंडात घालत नाही. भुकेली पोरं हट्ट करतात, म्हातारे कुरकुरतात, पण घालत नाहीत.

शनिवारी तिन्हीसांजेच्या आधी आभाळ काळंभोर झालं. परतीचा पाऊस असा कोसळला की बावखल काठ सोडून शेतात शिरू लागलं. दुलूने दारातून पाहिलं. कणीस वाऱ्याने लोळत होतं. ढग गडगडले. ती दाराच्या चौकटीला चिकटून उभी राहिली. तिची इच्छा तिकडे वाहून जात होती, आणि तिचे पाय काही हलत नव्हते.

मग तिने खुंटीवरचं इरलं काढलं, पावसात डोक्यावर घ्यायचं ते पानांचं, आणि ती गेली. इरलं तिने स्वतःवर घेतलं नाही, रोपावर धरलं. केसांची रिबीन सोडून रोप एका काठीला बांधलं. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. तिला प्रार्थना म्हणायची होती, पण भीतीने पुढचे शब्दच आठवेनात, म्हणून ती पहिलेच दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

"कोण रडतंय तिकडे?" पावसातून आवाज आला. काठी आपटत नतालबाय आली होती. आंधळ्या माणसाला पावसातली वाट काय आणि उन्हातली काय. तिने चाचपडत दुलूचं मनगट धरलं. "काय करतेस गं इथे?"

"कणीस धरलंय, बाय."

म्हातारी तिथेच पाण्यात उभी राहिली, दुलूचं मनगट घट्ट धरून, आणि दुलूला न आठवणारे शब्द आपल्या खरखरीत आवाजात म्हणत राहिली. पाऊस ओसरेपर्यंत दोघी तशाच उभ्या होत्या.

रविवारी सकाळी सोनसळी ऊन पडलं. थेंब चमचमत होते, मोगरीवर फुलपाखरं भिरभिरत होती, आणि कोपऱ्यातल्या कणसाने मान खाली घातली होती. सगळे दाणे पिवळेधमक, एक तेवढा काळा. दुलूने ते खुडलं. घराचा उंबरा वीस पावलांवर होता. धावायचं, मागायचं, झालं. ती धावलीच.

उंबऱ्यावर तिने पाय ठेवला, इतक्यात आतून आईचा आवाज आला. किती दिवसांनी आई शुद्धीत बोलत होती. "दुलू, आज आगेरा ना? आपलं कणीस दिलंस का?"

शेतात दुसरं पिकलेलं कणीस नव्हतं. इच्छा मागितली तर दाणे पोकळ होणार, आणि देवाला न्यायची ती नुसती टरफलं. आणि हे दिलं तर टोपलीतून कुणाच्या घरी जाईल कोण जाणे. दुलू उंबऱ्यावर उभी राहिली आणि तिला इतकी भीती वाटली की कालचा पाऊस त्यापुढे काहीच नव्हता. ती देवावर चिडली सुद्धा. खरं तेच सांगते.

"देते, आई," ती शेवटी म्हणाली. तिने उंबरा ओलांडला नाही. ती मागे वळली.

देवळात फादरांनी टोपलीतली कणसं वाटायला घेतली. दुलूला एक साधंसं कणीस मिळालं. मग नतालबायने ओंजळ पुढे केली, आणि त्या ओंजळीत जे पडलं त्यात एक दाणा काळा होता.

नुसतं म्हणायचं होतं, "बाय, बदलूया का?" म्हातारीने लगेच दिलं असतं, तिला काय दिसत होतं? पण नतालबाय ते कणीस गालाला लावून उभी होती. दुलूने म्हातारीचा हात धरला, तिला घरी पोचवलं, आणि मग एकटी आपल्या घरी गेली.

साध्या कणसाचे दाणे सोलून, कांडून तिने चार दाणे नव्याचे आणि मूठभर जुने तांदूळ अशी पेज केली. आईला चमच्याने भरवली. काहीच झालं नाही. आई डोळे मिटून पडली. दुलू उशाशी बसून श्वास ऐकत राहिली. आता तिच्याकडे मागायला काही उरलं नव्हतं, फक्त बसून राहायचं होतं. दुपार झाली, ऊन भिंतीवरून खाली उतरलं.

देवळाची संध्याकाळची घंटा वाजली तेव्हा आईच्या कपाळावर घामाचे थेंब होते. दुलूने घाबरून हात लावला. कपाळ गार होतं. मग आईने डोळे उघडले.

"दुलू," आई म्हणाली, "पेजेत मीठ घालायला विसरलीस गं."

दुलू आईच्या गळ्यात पडून इतकी रडली की दारात काठी आपटली ती तिला ऐकूच आली नाही.

"कोणी घरात आहे की नाही?" नतालबाय करवादली. "बघ गं फादरांनी मला काय दिलं ते. देवळात चांगलं जड होतं. आत्ता घंटा वाजायच्या वेळी उंबऱ्याशी आले, उभी राहिले, म्हटलं, देवा, माझ्या डोळ्यांचं राहू दे, त्यांना काय, सवय झालीय. त्या मारथाला उठव, पोर एकटी पडेल. एवढं म्हणते तोवर हातात नुसती टरफलं. असं असतं का कधी?"

दुलूने ते पोकळ कणीस म्हातारीच्या हातातून घेतलं. त्याच्या टोकाशी परी बसली होती. तिच्या पंखांवर सातही दिवे लागले होते, डाळिंबी सुद्धा. तिने दुलूकडे पाहिलं, मान लववली, आणि मग निळा, सोनेरी, मोरपंखी असा एवढा उजेड झाला की घरातली भांडी लखलखली. पुढच्या क्षणी परी नव्हती. संध्याकाळ होती, आणि दारात नतालबाय होती, मान वर करून उभी.

"दुलू," ती सावकाश म्हणाली, "आत्ता इथे काही चमकलं का गं?"