ऐरणीची खंडेनवमी

अवजारं उघड उघड भांडायची, तेव्हाची गोष्ट. लोखंडाचा एक कारखाना बंद पडला आणि त्याचं संग्रहालय झालं. ऐरणीला चकचकीत रंग लागला. शेजारी पाटी आली, 'हात लावू नये.' व्यवस्थापक तिला रोज हार घालू लागले.

ऐरण फुगली. "घणोबा, पूर्वी वर्षातून एकदा पूजा नि सुट्टी मिळायची. आता रोजच खंडेनवमी!"

घण म्हणाला, "बाई, रोज हार फोटोला घालतात."



तेवढ्यात फाटकाचा कोयंडा वाकला. रखवालदार धर्माजीने तो ऐरणीवर ठेवून घण हाणला. रंगाचे पोपडे उडाले. जांभया देत संग्रहालय बघणारे पाहुणे धावत आले.

"अहो, पाटी वाचा!" व्यवस्थापक किंचाळले.

ऐरण खणखणली, "घणोबा, थांबू नका! दसरा उजाडला!"