लाल फेटेवाला कोण?

कुसुमावती डोईफोडे यांनी पहिला एचडी टीव्ही घेतला, तो लेकीसाठी. लेक राज्याच्या खो-खो संघात होती आणि रविवारी तिचा अंतिम सामना दाखवणार होते. पण नव्या मोठ्या पडद्यावर सगळंच पुसट दिसे. गावात केबल एकच, अण्णासाहेब भोसेकरांची. बाईंनी एचडी वाहिन्या मागितल्या, तर ते म्हणाले, "आमचं साधं चित्रही स्वच्छच असतं. दोष तुमच्या डोळ्यांत आहे."

"मग घरी येऊन पाहा," बाई हटून बसल्या.

अण्णासाहेब चार माणसं घेऊन आले. बाईंनी त्यांचीच वाहिनी लावली. तिच्यावर अण्णासाहेबांच्या सत्काराची मिरवणूक सकाळपासून पुन्हा पुन्हा दाखवत होते.

"यात तुम्ही कुठले, ते जरा दाखवा."

"हा काय, लाल फेटेवाला." अण्णासाहेबांनी ऐटीत बोट टेकवलं.

तेवढ्यात त्या फेटेवाल्याने सनई तोंडाला लावली आणि तो वाजवू लागला.

बाई शांतपणे म्हणाल्या, "अण्णासाहेब, मिरवणुकीत सावकाश चालणारे तुम्ही तुम्हालाच सापडत नाही, मग पळणारी माझी लेक मला कशी सापडायची?"

सोबतची माणसं हसू दाबत बाहेर गेली. अण्णासाहेबांनी तिथूनच ऑफिसला फोन लावला.

रविवारी बाईंना लेकीच्या गुडघ्यावरचं खरचटलेलंसुद्धा दिसलं.