पांढऱ्या पानांचा मान

मांडवावर एक नियम होता: पान पांढरं झालं की ते तोडायचं नाही, झटकायचं नाही, आणि ते पांढरं का झालं असं कधी विचारायचं नाही.

नियमाचं मूळ कोहळेआजोबा. ते मांडवाच्या पूर्वेच्या कडेला लटकत. पिकल्यावर त्यांच्या अंगावर पांढरी भुकटी चढली, आणि पांढरं म्हणजे पोक्त असं वेलींनी ठरवून टाकलं. म्हणून दुधीआजीच्या पानांवर पिठासारखे ठिपके उमटले तेव्हा सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. आठवड्याभरात दोडकेकाकाही मान्यवर झाले. मान्यवरांनी सावलीत दाटीने बसावं असा रिवाज पडला, आणि वारा आत येईनासा झाला. त्यांची पानं पुढे पिवळी पडत, मग कडेने कुरकुरीत होत. याला विरक्ती म्हणत.

डांगरी ही यंदाची वेल. तिची दोन फळं गळून गेली होती. आता लिंबाएवढं एकच उरलं होतं, आणि वरची पानं पांढरी झाल्यापासून ते वाढायचं थांबलं होतं.

"आजी, याचा देठ पिवळा पडतोय," ती दुधीआजीला म्हणाली.

"पडू दे. तुझी पानं बघ, किती लवकर पांढरी झाली. आम्हाला हा मान म्हातारपणी मिळाला."

"मान खाऊन हे जगणार आहे का?"

"जीभ आवर, पोरी. अख्खा पावसाळा पाहिलाय आम्ही."

"आली मोठी शिकवणारी," दोडकेकाका पानाआडून म्हणाले, "कालची वेल, आणि देठाचं ज्ञान आम्हाला."

डांगरीने आपला सगळ्यात लांब ताणा कुंपणाकडे सोडला. तिथे तोंडली राहायची. ती कधी पांढरी होईना, म्हणून तिला मांडवातून काढलं होतं. कुंपणावर ती हिरवीगार होती आणि फळांनी वाकली होती. मांडवात याला उथळपणा म्हणत.

"तू काय करतेस?" डांगरीने विचारलं.

"आधी खराब पानं काढते. ती मांडवाखाली टाकायची नाहीत, लांब पुरायची. मग ऊन आणि वारा आत येऊ द्यायचा. आणि रोज सकाळी आंबट ताक, एक वाटा ताकाला दहा वाटे पाणी. पानांना वरून आणि खालूनही."

"एवढंच?"

"एवढंच. म्हणून तर कुणी करत नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडताच डांगरीने मुंग्यांना बोलावलं. त्यांनी एकेक पांढरं पान देठाशी कुरतडलं आणि रांगेने बांधाच्या पलीकडे नेऊन पुरलं. तोंडलीने कुंपणापाशी ठेवलेल्या आपल्या घटातलं पातळ ताक डांगरीच्या उरलेल्या पानांवर शिंपडलं. आंबट वास मांडवभर पसरला.

"अगं, छपराला भोक पाडलंस," दुधीआजी म्हणाली. "आजोबांच्या अंगावर ऊन येतंय. एवढे पांढरे झाले, पण त्यांनी कधी तक्रार केली? शेजारची पानं ओढ आणि आत्ताच्या आत्ता बुजव ते."

"नाही बुजवणार," डांगरी म्हणाली. "माझं फळ उन्हात राहील."

दुधीआजीने साक्षीसाठी कोहळेआजोबांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. त्या भोकातून ऊन थेट आजोबांच्या वेलीवर पडलं होतं. फळ पांढरं होतं, नेहमीसारखं. भोवतीची पानं मात्र, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, हिरवी होती. एकाही पानावर ठिपका नव्हता.

थोड्या वेळाने दुधीआजीने आपलं सगळ्यात पांढरं पान हळूच दुसऱ्या पानाआड घेतलं.